गरज की गुणवत्ता: पुण्याच्या व्यावसायिक संघांतील खेळाडूनिवडीचा इतिहास

व्यावसायिक खेळात संघबांधणी करणाऱ्यांपुढे एक पेच कायम असतो. निवडीची पाळी आली की यादीत उरलेल्यांपैकी सर्वांत गुणी खेळाडू उचलावा, की संघात ज्या जागी उणीव आहे त्या जागी खेळणारा, गुणांनी कदाचित थोडा कमी असलेला खेळाडू घ्यावा, हा तो पेच होय. पहिल्या मार्गाला ‘उपलब्ध सर्वोत्तम गुणवत्ता’ आणि दुसऱ्याला ‘संघाची गरज’ असे म्हटले जाते, आणि अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये या दोन मार्गांचे समर्थक अनेक दशके एकमेकांशी वाद घालत आले आहेत. पुण्याला हा वाद दुरून ऐकण्याचे कारण उरलेले नाही, कारण २०१४ पासून या शहराच्या नावाने फुटबॉल, क्रिकेट आणि कबड्डी या तिन्ही खेळांत असे संघ उभे राहिले, ज्यांचे खेळाडू शहरातील मैदानांवरून चढत आले नाहीत, तर निवडफेरीच्या किंवा लिलावाच्या टेबलावरून आले. या संघांचा इतिहास एकत्र ठेवून पाहिला, तर गरज आणि गुणवत्ता यांपैकी श्रेष्ठ काय, या प्रश्नाचे उत्तर निवडीच्या दिवशी मिळत नाही, तर संघ त्या खेळाडूला किती काळ आपल्यापाशी राखू शकतो यावर ते अवलंबून असते, असे दिसून येते.

निवडफेरी, म्हणजे ज्याला खेळाच्या जगात ड्राफ्ट म्हणतात ती पद्धत, मुळात समतेच्या हेतूने जन्माला आली. अमेरिकन फुटबॉल हा पायाने चेंडू खेळण्याचा खेळ नसून हातात चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीत मुसंडी मारण्याचा, रग्बीशी नाते सांगणारा खेळ आहे. १९३०च्या दशकात तेथील व्यावसायिक लीगमध्ये श्रीमंत संघ महाविद्यालयांतील उत्तम खेळाडूंना जास्त पैसे देऊन ओढून घेत आणि दुबळे संघ दुबळेच राहत. फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये सुचवले, की महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची एकच यादी करावी आणि आधीच्या हंगामात जो संघ तळाला असेल त्याला निवडीचा पहिला मान द्यावा. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातील एका हॉटेलात पहिली निवडफेरी झाली, नऊ फेऱ्यांत ८१ खेळाडू निवडले गेले, आणि पहिल्याच क्रमांकावर निवडलेला जे बरवँगर व्यावसायिक लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. कागदावरचा सर्वोत्तम खेळाडू आणि संघाला प्रत्यक्ष मिळालेला खेळाडू यांतील अंतर अशा रीतीने पद्धतीच्या पहिल्याच दिवशी उघड झाले.

गुणवत्तेच्या बाजूने पहिली पद्धतशीर मांडणी केली ती १९६०च्या दशकात डॅलस काउबॉइज या संघाने. टेक्स श्रॅम आणि गिल ब्रँट या त्याच्या चालकांनी संगणकाची मदत घेतली आणि खेळाडूंचे मूल्यमापन आकड्यांत बसवण्याचे काम सलाम कुरेशी या भारतातून गेलेल्या संख्याशास्त्रज्ञाकडे सोपवले. जागेचा विचार बाजूला ठेवून प्रत्येक खेळाडूला एकाच मापाने मोजायचे आणि आपली पाळी येईल तेव्हा यादीत जो वर असेल तो घ्यायचा, अशी ही रीत होती. याच संघाने १९६४च्या हंगामासाठीच्या निवडीत दहाव्या फेरीत रॉजर स्टॉबाक याला घेतले. तो नौदल अकादमीचा विद्यार्थी असल्याने त्याला पुढील काही वर्षे लष्करी सेवा करणे बंधनकारक होते, आणि म्हणूनच इतर संघांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. काउबॉइजने वाट पाहिली, स्टॉबाक १९६९ मध्ये संघात दाखल झाला आणि १९७२च्या जानेवारीत त्याच्या नेतृत्वाखाली संघाने सर्वोच्च स्पर्धा जिंकली. २००५ मध्ये ग्रीन बे पॅकर्सने आपल्याकडे ब्रेट फावर हा नामवंत क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा मुख्य खेळाडू, असतानाही त्याच जागेचा ॲरन रॉजर्स २४ व्या क्रमांकावर घेतला, त्याला तीन हंगाम राखीव बसवले आणि २०११ मध्ये त्याचे फळ मिळवले. याउलट १९८४ मध्ये बास्केटबॉलमधील पोर्टलंडच्या संघाने, आपल्याकडे क्लाइड ड्रेक्सलर आहे, आता उंच मध्यखेळाडू हवा, या हिशेबाने सॅम बोवी याला घेतले आणि मायकेल जॉर्डन पुढच्या संघाच्या पदरात पडला. या दाखल्यांवरून गुणवत्तेचा मार्ग निःसंशय श्रेष्ठ ठरतो, असे अनेकदा सांगितले जाते. परंतु स्टॉबाकसाठी पाच वर्षे आणि रॉजर्ससाठी तीन वर्षे थांबण्याची ऐपत असलेल्या संघांचे हे दाखले आहेत, ही त्यांतील कळीची बाब सांगताना बहुधा गळून पडते.

पुण्याचा फुटबॉल या पद्धतीपेक्षा पुष्कळ जुना आहे. पुणे व खडकी येथील लष्करी छावण्यांमुळे हा खेळ एकोणिसाव्या शतकातच शहराच्या पूर्व आणि उत्तर भागात रुजला, आणि १८९१ पासून मुंबईत भरणाऱ्या रोव्हर्स चषकाने पश्चिम भारतातील पलटणींना आणि नागरी क्लबांना एक मोठे व्यासपीठ दिले. त्या काळी संघ बनत असे तो पलटणीचा, कारखान्याचा, शाळेचा किंवा वस्तीचा, आणि जो हाताशी आहे त्यालाच घडवून घ्यावे लागे. बचावपटू कमी असेल तर आघाडीच्या एखाद्या दणकट गड्याला मागे आणायचे, गोलरक्षक नसेल तर कुणाला तरी त्या जागेसाठी तयार करायचे, असा हा व्यवहार होता. निवडीला वाव नसल्याने गरज आणि गुणवत्ता हा वादही तेथे उद्भवत नव्हता.

शहराच्या दक्षिण अंगाला, स्वारगेट आणि मार्केट यार्डच्या पलीकडे वसलेल्या बिबवेवाडीसारख्या भागाचे व्यावसायिक खेळाशी नाते कसे बदलत गेले, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. एकेकाळचे हे गाव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झपाट्याने शहरात मिसळले. अप्पर इंदिरानगरसारख्या दाट वस्त्या, गृहनिर्माण संस्था आणि १९८३ मध्ये सुरू झालेली विश्वकर्मा अभियांत्रिकी संस्था यांनी त्याचे रूप पालटले. स्वारगेटजवळचे नेहरू स्टेडियम हे या भागाच्या हाकेच्या अंतरावरचे मैदान होते आणि २००५ पर्यंत तेथे आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामने होत असत. पुढे मात्र मोठ्या खेळाचा तंबू वायव्येकडे हलला. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीत उभारलेले श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल फुटबॉल व कबड्डीचे घर बनले, आणि मुंबईच्या महामार्गालगत गहुंजे येथे क्रिकेटचे नवे स्टेडियम झाले. बिबवेवाडीच्या रहिवाशाला आपल्या शहराचा संघ पाहायचा, तर शहराचे एक टोक सोडून दुसरे टोक गाठावे लागू लागले. मैदान दूर गेले त्याच काळात खेळाडूंच्या निवडीचे ठिकाणही शहराबाहेर, मुंबईतील सभागृहांत गेले, आणि या दोन गोष्टी मिळून व्यावसायिक संघ व उपनगर यांतील धागा सैल झाला.

त्याआधीच्या टप्प्यात पुणे फुटबॉल क्लबचा प्रयोग महत्त्वाचा ठरतो. २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने हा क्लब स्थापन केला. दुसऱ्या श्रेणीतून वर येत तो आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये पोहोचला, २००९-१० या पहिल्याच हंगामात तिसरा आला आणि २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग उपविजेता ठरला. हा क्लब खेळाडू करारावर घेत असे, त्यांना एकापेक्षा अधिक हंगाम राखत असे, आणि त्याने स्वतःची निवासी अकादमी उभी केली. केरळातील मलप्पुरमचा आशिक कुरुनियन हा मुलगा याच अकादमीत वाढला आणि पुढे भारताच्या राष्ट्रीय संघात खेळला. येथे गरज आणि गुणवत्ता यांची सांगड काळाच्या आधारे घातली जात होती. गरज असेल तेथे तयार खेळाडू करारावर घ्यायचा आणि गुण दिसेल तेथे मुलाला अकादमीत वाढवायचे, अशा दोन्ही वाटा एकाच छत्राखाली खुल्या होत्या. त्यासाठी लागणारा वेळ मात्र क्लबला मिळाला नाही. इंडियन सुपर लीगच्या आगमनानंतर आय-लीगचे महत्त्व ओसरू लागले आणि २०१५ मध्ये पुणे फुटबॉल क्लब लीगमधून बाहेर पडला. पुण्यातूनच खेळणारा भारत एफसी हा संघही एकाच हंगामानंतर त्याच वर्षी थांबला.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगने भारतीय फुटबॉलला निवडफेरीची ओळख करून दिली. जुलै महिन्यात मुंबईत ८४ भारतीय खेळाडूंची यादी सहा संघांपुढे ठेवण्यात आली. गोवा आणि ईशान्य भारताच्या संघांनी स्थानिक क्लबांशी संधान बांधून आपली भरती वेगळ्या मार्गाने केली होती. १४ फेऱ्यांत प्रत्येक संघाने आळीपाळीने १४ खेळाडू उचलले. लिलावात बोली चढते आणि जास्त पैसे मोजणारा खेळाडू नेतो. निवडफेरीत मानधन आधीच ठरलेले असते आणि पाळी हेच चलन असते. आपली पाळी येईपर्यंत मनातला खेळाडू दुसऱ्याने उचलला, तर पुढच्या क्षणी सगळा आराखडा बदलावा लागतो, आणि नेमक्या त्याच क्षणी गरज की गुणवत्ता हा पेच उभा राहतो. ८४ जणांत चांगले गोलरक्षक थोडेच असणार, हे सर्वांना ठाऊक असते. गोलरक्षकाची जागा एकच असल्याने तो पहिल्या फेरीत घेणे चैनीचे वाटते, पण उशीर केला तर उरलेल्यांतून निवडावे लागते. मधल्या फळीत खेळणारे मात्र पुष्कळ असतात आणि त्यांतील एखादा बाजूच्या फळीतही चालून जातो, म्हणून त्यांच्यासाठी थांबता येते. अशा रीतीने फुटबॉलच्या निवडफेरीत गरज म्हणजे केवळ रिकामी जागा भरणे नसते. कोणत्या जागेचे खेळाडू यादीत दुर्मीळ आहेत, याचा तो हिशेब असतो.

एफसी पुणे सिटीने या मार्गाने आपली भारतीय फळी उभी केली आणि तिच्या जोडीला फ्रान्सचा विश्वविजेता आघाडीपटू डेव्हिड त्रेझेगे याला प्रमुख विदेशी आकर्षण म्हणून आणले. प्रशिक्षक फ्रँको कोलोंबा, गोलरक्षक एमान्युएले बेलार्दी, बचावपटू ब्रुनो चिरिल्लो अशी संघाची रचना उघडच इटालियन वळणाची होती आणि तिला इटलीच्या फिओरेंतिना क्लबच्या भागीदारीची जोड होती. नावाने सर्वांत मोठा, अशा अर्थाने ही गुणवत्तेची निवड होती, पण तिच्या भोवतीची चौकट अगदी तोकडी होती. लीगचा हंगाम १२ ऑक्टोबर ते २० डिसेंबर एवढाच होता, प्राथमिक टप्प्यात प्रत्येक संघाला १४ सामने मिळत, आणि अनेक भारतीय खेळाडू आपल्या आय-लीग क्लबांकडून उसने आलेले असल्याने हंगाम संपताच परत जात. दहा आठवड्यांत कोणी घडत नाही. जो आज, या आठवड्यात, त्या जागी खेळू शकतो तोच उपयोगाचा ठरतो, आणि मैदानावर सहापर्यंत विदेशी खेळाडू उतरवण्याची मुभा असल्याने संघाची खरी गरज बहुधा विदेशी खेळाडूंनीच भागवली जात होती. पुण्याचा संघ पहिल्या हंगामात सहावा, दुसऱ्यात सातवा आणि तिसऱ्यात पुन्हा सहावा आला. दरम्यान प्रशिक्षकपदी डेव्हिड प्लॅट आणि अंतोनियो हबास हे एकामागून एक आले, आघाडीला एद्रियन मुतूसारखे नाव आले, आणि दरवर्षी नव्या मनुष्यबळाचा नवा हिशेब मांडावा लागला.

२०१७ मध्ये परिस्थिती बदलली. संघ दहा झाले, हंगाम नोव्हेंबर ते मार्च असा लांबला, मैदानावरील विदेशी खेळाडूंची मर्यादा पाचवर आली आणि भारतीय खेळाडूंचे मोल वाढले. २३ जुलै रोजी मुंबईत झालेल्या निवडफेरीत २०५ खेळाडूंची यादी होती. नव्याने दाखल झालेल्या जमशेदपूरने पहिल्या पाळीत बचावपटू अनस एडथोडिका याला घेतले, तर कोलकात्याच्या एटीकेने मधल्या फळीतील युजीनसन लिंगडोह याला निवडले. दोघांचेही मानधन १ कोटी १० लाख रुपये, म्हणजे यादीतील सर्वाधिक होते. कोरी पाटी असलेल्या जमशेदपूरला सर्वच जागा भरायच्या होत्या, त्यामुळे यादीतील सर्वांत भरवशाच्या बचावपटूला प्रथम घेताना गरज आणि गुणवत्ता यांत त्याला फरक करावा लागला नाही. पुण्याने आक्रमणाची मदार मार्सेलिन्हो आणि एमिलियानो अल्फारो या जोडीवर ठेवली. हे दोघेही याच लीगमधील अन्य संघांत आधी खेळून सिद्ध झालेले होते. मार्सेलिन्हो तर आधीच्या हंगामात सर्वाधिक गोल करणारा ठरला होता. आदिल खान, ज्युएल राजा यांसारख्या भारतीय खेळाडूंनी त्यांच्यामागची रचना बांधली, आणि अकादमीच्या वाटेने आलेला आशिक कुरुनियन बाजूच्या फळीत धावू लागला. प्रशिक्षक रान्को पोपोविच यांच्या हाताखाली हा संघ चौथा आला आणि प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. बालेवाडीतील पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, परतीच्या सामन्यात बेंगळुरूने सुनील छेत्रीच्या तीन गोलांच्या जोरावर ३-१ असा विजय मिळवला. पुण्याच्या या सर्वांत यशस्वी फुटबॉल हंगामात जे कामी आले, ते या देशात आधी रुळलेले आणि या शहरात आधी वाढलेले खेळाडू होते, ही बाब नोंदवण्यासारखी आहे. त्यानंतर लीगने निवडफेरी सोडून थेट करारांची पद्धत स्वीकारली, आणि २०१९ मध्ये आर्थिक अडचणींमुळे एफसी पुणे सिटी बंद होऊन त्याची जागा हैदराबादने घेतली.

गरज आणि गुणवत्ता यांची समोरासमोर तुलना करण्याची जवळजवळ प्रयोगशाळेसारखी संधी पुण्याला क्रिकेटमध्ये मिळाली. वीस षटकांच्या व्यावसायिक क्रिकेट लीगमधील चेन्नई आणि राजस्थान हे संघ दोन वर्षांसाठी निलंबित झाल्यावर त्यांच्या जागी पुणे आणि राजकोट हे संघ आले, आणि १५ डिसेंबर २०१५ रोजी या दोघांनी निलंबित संघांचे खेळाडू आळीपाळीने वाटून घेतले. पुण्याला पहिली पाळी मिळाली आणि त्याने साडेबारा कोटी रुपयांच्या पहिल्या स्थानावर महेंद्रसिंह धोनीला घेतले. राजकोटने सुरेश रैनाला घेतले. पुढे पुण्याने अजिंक्य रहाणे, रविचंद्रन अश्विन, स्टीव्ह स्मिथ आणि फाफ डुप्लेसी यांना निवडले, तर राजकोटने रवींद्र जडेजा, ब्रेंडन मॅकलम, जेम्स फॉकनर आणि ड्वेन ब्राव्हो यांना. दोन्ही रांगा शेजारी ठेवल्या, की विचारातला फरक स्पष्ट होतो. पुण्याच्या पाचांत चार जण प्रामुख्याने फलंदाज आणि बहुतेक देशाचे कर्णधारपद सांभाळण्याच्या तोलाचे होते. राजकोटच्या पाचांत फलंदाजी व गोलंदाजी दोन्ही करणारे तिघे होते. वीस षटकांच्या सामन्यात किमान पाच गोलंदाजांची गरज असते, हे ध्यानात घेतले तर राजकोटची निवड गरजेला आणि पुण्याची निवड नावाजलेल्या गुणवत्तेला धरून होती, असे म्हणता येते.

२०१६ च्या हंगामात राजकोटचा संघ, म्हणजे गुजरात लायन्स, साखळीत अव्वल आला आणि पुणे १४ पैकी पाच सामने जिंकून सातव्या स्थानी राहिला. स्मिथ, डुप्लेसी, केव्हिन पीटरसन आणि मिचेल मार्श यांच्या दुखापतींनी त्यात भर घातली. येथेच थांबले तर गरजेचा मार्ग जिंकला, असा निष्कर्ष निघेल. पण दुसऱ्या वर्षी चित्र उलटले. फलंदाजीचा पाया हाताशी असलेल्या पुण्याने फेब्रुवारी २०१७ च्या लिलावात नेमक्या उणिवा हेरल्या. अष्टपैलू बेन स्टोक्ससाठी साडेचौदा कोटी रुपये मोजले, डावखुरा जलद गोलंदाज जयदेव उनाडकट ३० लाखांत घेतला आणि महाराष्ट्राकडून रणजी खेळणारा राहुल त्रिपाठी १० लाखांच्या पायाभूत किमतीला मिळवला. उनाडकटने २४ बळी घेतले, त्रिपाठीने सलामीला येऊन ३९१ धावा केल्या, संघ अंतिम फेरीत गेला आणि २१ मे २०१७ रोजी हैदराबादेत मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला. त्याच वर्षी गुजरात सातवा आला. पहिल्या वर्षी घेतलेल्या गुणवत्तेभोवती दुसऱ्या वर्षी गरज भागवली गेली, तेव्हा संघ पूर्ण झाला. आणि तो पूर्ण झाला त्याच दिवशी त्याचे आयुष्य संपले, कारण करार दोनच वर्षांचा होता.

कबड्डीत मात्र पुण्याच्या एका संघाला दीर्घ आयुष्य लाभले. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने जगापुढे सादर केलेला हा महाराष्ट्राच्या मातीतील खेळ २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीगच्या रूपाने मॅटवर आणि दूरचित्रवाणीवर आला, आणि पुणेरी पलटण पहिल्या हंगामापासून त्यात आहे. कबड्डीत गरज ही फार काटेकोर बाब असते. सात जणांत चढाईपटू वेगळे, मध्यरक्षक वेगळे आणि दोन टोकांना उभे राहणारे डावा व उजवा कोपरारक्षक वेगळे. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो त्या क्षणी त्याचा घोटा किंवा मांडी धरून त्याला मागे खेचणे हे कोपरारक्षकाचे काम असते. उजव्या कोपऱ्यात मुरलेला खेळाडू डाव्या कोपऱ्यात तितकाच चालेल, असे सहसा होत नाही. त्यामुळे लिलावात सर्वांत चमकदार चढाईपटू मिळाला, तरी कोपरा उघडा असेल तर संघ हरतो. पलटण पहिल्या दोन्ही हंगामांत तळाला राहिली, आणि नंतरच्या काळात नितीन तोमरसारख्या चढाईपटूसाठी कोटीच्या घरात बोली लावूनही विजेतेपद दूरच राहिले.

पलटणीचे रूप पालटले ते लीगच्या एका वेगळ्या तरतुदीचा नेटाने उपयोग केल्यामुळे. लिलावाबाहेर नवोदित तरुण खेळाडूंना ठरावीक मानधनावर करारबद्ध करून पुढील हंगामांतही राखण्याची मुभा संघांना असते. २०२१-२२च्या आठव्या हंगामात, राहुल चौधरी आणि नितीन तोमर हे अनुभवी चढाईपटू संघात असताना, पलटणीने अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत या नवोदितांना मॅटवर उतरवले. हंगाम पुढे सरकत गेला, तसे चढाईचे ओझे या दोघांनी उचलले आणि संघ बाद फेरीत गेला. पंकज मोहिते, आकाश शिंदे, संकेत सावंत असे तरुण त्यांच्याबरोबर राखले गेले. निवडीच्या वेळी हे खेळाडू कोणत्याही तातडीच्या गरजेचे उत्तर नव्हते; ते निव्वळ गुणवत्तेवरचे, आणि स्वस्तातले, दीर्घ मुदतीचे डाव होते.

या पायावर पुढे गरजेची चिरेबंदी चढवली गेली. २०२२ मध्ये इराणचा फजल अत्राचली हा डावा कोपरारक्षक १ कोटी ३८ लाखांना आला; प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या हाताखाली पलटण प्रथमच अंतिम फेरीत पोहोचली, परंतु अस्लम आणि मोहित दुखापतींमुळे बाहेर असताना जयपूरकडून ३३-२९ अशी हरली. अत्राचली संघातून गेल्यावर डावा कोपरा मोकळा झाला. २०२३च्या लिलावात पलटणीने त्याच जागी त्याचाच देशबांधव मोहम्मदरेझा शादलू याच्यासाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. येथे एकाच बोलीत दोन्ही तत्त्वे जुळून आली: उपलब्ध खेळाडूंतील सर्वोत्तम रक्षक आणि संघातील एकमेव मोठी उणीव. शादलूने त्या हंगामात पकडींचे ९९ गुण मिळवले, अस्लम कर्णधार झाला, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पुणेरी पलटणने दहाव्या हंगामात पहिले विजेतेपद पटकावले. त्या निसटत्या सामन्यात निर्णायक ठरली ती पंकज मोहितेची चढाई, म्हणजे महागड्या बोलीने आलेल्या नव्हे, तर वर्षानुवर्षे सांभाळलेल्या खेळाडूची कमाई.

पुढच्याच वर्षी या कथेची दुसरी बाजू दिसली. शादलू लिलावात २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला, अस्लमला दुखापत झाली, पलटण बाद फेरीही गाठू शकली नाही, आणि डिसेंबर २०२४ मध्ये बालेवाडीतच झालेल्या अंतिम सामन्यात हरियाणाने पाटण्याला हरवून करंडक उचलला. एका जागेचे मोल किती असते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल. तरीही पलटणीचा गाभा टिकून असल्याने पडझड एका वर्षापुरतीच राहिली, आणि २०२५ मध्ये संघ पुन्हा अंतिम फेरीत उतरला, जरी तेथे दिल्लीने बाजी मारली. ज्या संघाकडे राखलेले खेळाडू आहेत, त्याला लिलावातील एक चूक किंवा एक तोटा पेलता येतो. ज्याला दरवर्षी शून्यापासून सुरुवात करावी लागते, त्याला तो पेलत नाही.

या साऱ्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा, की गुणवत्तेची निवड ही उधारीवरची निवड असते आणि गरजेची निवड रोखीची. ज्या संघाचे आयुष्य दहा आठवड्यांचे किंवा दोन वर्षांचे आहे, त्याने रोखीचाच व्यवहार करावा, कारण उधारी वसूल होईपर्यंत तो राहणारच नाही. ज्याला दहा वर्षे टिकायचे आहे, त्याने आधी गुण गोळा करावेत आणि मग पैसे खर्चून नेमकी उणीव भरावी. पुण्यात पुणे फुटबॉल क्लब आठ वर्षे, एफसी पुणे सिटी पाच हंगाम, क्रिकेटचा संघ दोन हंगाम आणि भारत एफसी एकच हंगाम टिकला; यांपैकी एकालाही लीगचे विजेतेपद मिळाले नाही. जो संघ सुरुवातीपासून अखंड टिकला, तोच विजेता झाला, आणि हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे.

बिबवेवाडीसारख्या उपनगरातील शाळेच्या पटांगणात किंवा कबड्डी मंडळाच्या सरावात आज खेळणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने या निष्कर्षाचे महत्त्व मोठे आहे. निवडफेरीच्या आणि लिलावाच्या यादीत फक्त तयार खेळाडूंची नावे येतात. अजून न घडलेल्या खेळाडूसाठी तेथे रकाना नसतो. असा खेळाडू व्यावसायिक संघापर्यंत पोहोचतो तो अकादमीच्या आणि नवोदितांसाठीच्या करारांच्या वाटेने, आणि ही वाट फक्त टिकाऊ संघच खुली ठेवू शकतात. म्हणून शहरात नवा संघ येईल तेव्हा त्याने कोणता तारा घेतला, एवढ्यावर त्याची पारख होऊ नये. त्याची अकादमी कोणत्या भागांतून मुले घेते, तो नवोदितांना किती हंगाम राखतो आणि मालकांनी किती वर्षांची हमी दिली आहे, हे प्रश्न पुणेकरांनी आधी विचारले पाहिजेत, कारण गरज आणि गुणवत्ता यांचा मेळ बसवण्याची ताकद याच गोष्टींत आहे.